एक कोरडा श्रावणी सोमवार

गाळाला वास असतो. ओल्या गाळाचा सगळ्यांनाच ठाऊक असतो, पण वाळून तडकलेल्या गाळाचा वास निराळा. रिकाम्या रांजणात डोकं घालून हाक मारली की जो येतो, तसा काहीसा. परवा तो नाकात शिरला आणि मी गाडीतून उतरता उतरता थांबलेच. पुतण्या म्हणाला, "आत्या, पाय मुरगळला का?" काय सांगणार त्याला! कापूरहोळला हायवे सोडल्यापासून मी त्याच्यामागे एकच धोशा लावला होता, पाणी उतरलं असेल ना, देऊळ उघडं पडलं असेल ना. भोर मागे पडलं, वेल्ह्याच्या अंगाचे डोंगर दिसायला लागले, तरी माझं तेच चाललेलं.

खाली उतरले तर तिथं जत्रा भरलेली. मोटारी काय, मोबाईल उंच धरून उभी राहिलेली मुलं काय, एक भेळवाला सुद्धा. आमच्या लहानपणी इथं उन्हाळ्यात आम्ही आणि बगळे एवढेच असायचो. मी सगळ्यांना वळसा घालून देवळाच्या मागं गेले आणि भिंतीच्या पायथ्याशी फतकल मारून बसले.

"आत्या, काय हरवलंय?"

"मोरी शोधतेय."

तो हसला. हसणारच. देवळात आल्यावर माणसं देव शोधतात, मोरी कोण शोधतं?

तर ही मोरी म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं हे महादेवाचं देऊळ धरणाच्या पाण्यात आहे. पावसाळा सुरू झाला की धरणाचा फुगवटा चढत चढत येतो आणि देऊळ पार गडप होतं. वैशाख सरता सरता पाणी उतरतं, तसं ते पुन्हा वर येतं, आधी शिखराचे दगड, मग सभामंडपाचे खांब, मग नंदीची पाठ. गाभारा चार पायऱ्या खाली, काळोखी. तिथं अभिषेकाचं पाणी बाहेर जायला पिंडीच्या मागं, पार कोपऱ्यात, एक भोक आहे. ते भिंतीतून आरपार नदीच्या अंगाला निघतं. आजा त्याला देवाची मोरी म्हणायचे. दर उन्हाळ्यात ती गाळानं बुजलेली असायची आणि ती मोकळी करायला बारीक हात लागायचा. तो हात माझा.

आजा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आम्ही गुरव. धरण झालं तेव्हा आजा पोरसवदा होते. गाव डोंगराच्या अंगाला वर सरकलं, वर एक नवं देऊळ झालं, नवी पिंड बसली, आणि आजांच्या वाट्याला दोन देव आले. वरच्याची पूजा ते रोज करायचे. नेमानं, चुकारपणा न करता, पण थोडी ड्युटीवर असल्यासारखी. जीव त्यांचा खालच्यात.

त्यांच्या हाताला कधी विसावा पाहिला नाही मी. पहाटे देवाचं, मग खाचरातलं, मग डोंगरउताराच्या वरकसावरची नाचणी, मग गुरं. संध्याकाळी ओट्यावर बसले तरी मांडीवर पळसाची पानं आणि हातात बांबूच्या चोया, पत्रावळ्या टोचायचं काम चालूच. पानं टोचताना एक करकर आवाज व्हायचा. अजूनही लग्नात ताटवाट्या मांडायला लागले की मला तो आवाज आठवतो आणि चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

पण वैशाखात खालचा देव वर आला की आजा निराळेच व्हायचे. खोरं, घमेलं, खराटा आणि मी, असा लवाजमा घेऊन पहाटेच खाली उतरायचे. गाभारा गळ्यापर्यंत गाळानं भरलेला. आजा घमेली भरून भरून वर काढायचे, घामानं निथळायचे, आणि मधेच थांबून आतल्या काळोखाशी बोलायचे, "आलो आलो, जरा दम काढ." मला वाटायचं मला म्हणतायत. मी म्हणायची, "म्या कुठं काय म्हणलं?"

प्रश्न तर मला किती पडायचे! देव पाण्याखाली डोळे उघडे ठेवतो का? त्याच्या नाकातोंडात पाणी जात नाही का? मासे पिंडीवर बसतात का, आणि बसले तर पाय लागल्याचं पाप त्यांना लागतं का, पण मग त्यांना पाय कुठं असतात? आजा एकाही प्रश्नाला हसायचे नाहीत. नीट विचार करून उत्तर द्यायचे. "मासं येत्यात की आरतीला. वाजवायला टाळ नसत्यात, म्हनून तोंड उघडझाप करत्यात."

गाळ काढता काढता तळाशी हमखास एक खेकडा निघायचा. मोरीच्या तोंडाशीच त्याचं बीळ. आजा त्याला हात जोडायचे. "ह्यो पुजारी. पावसाळा-हिवाळा त्याची पाळी, उन्हाळा माझी." मग त्याला घमेल्यात घालून पाण्यापर्यंत पोचवून यायचे. घरी खेकड्याचं कालवण व्हायचं, पण त्या खेकड्याचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

मग मी बाहेरच्या बाजूनं मोरीत खांद्यापर्यंत हात घालायची. थंडगार, बुळबुळीत, आणि शेवटी एकदम बोटांना मोकळी हवा लागायची. आतून आजा माझी बोटं धरून हलवायचे आणि ओरडायचे, "उघडली गं बाय!" भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं ते, मधे देव. वर्षातला तो एक क्षण मला दिवाळीपेक्षा आवडायचा.

देवळाची घंटा मात्र उरलेलं वर्ष आमच्या गोठ्यात टांगलेली असायची. तिन्हीसांजेला आजा ती वाजवायचे. बैल कान टवकारायचे. "खाली ऐकू जातं," आजा म्हणायचे, आणि मी धावत ओट्यावर जाऊन पाण्याकडं बघायची, काही हलतंय का म्हणून.

आता दुखणं कुठं होतं ते सांगते. महादेवाचा खरा महिना श्रावण, आणि श्रावणात आमचा देव कायम पाण्याखाली. आजा मुलगा होते तेव्हा त्यांच्या वडिलांनी खाली केलेला शेवटचा श्रावणी सोमवार त्यांना आठवत होता. वडील पूजेला बसले होते आणि आजा मागं उभं राहून घंटा वाजवत होते. पुढच्या श्रावणात पाणी आलेलं. म्हणजे श्रावणी सोमवारचा बेल खालच्या पिंडीवर आजांनी आपल्या हातानं एकदाही वाहिला नव्हता. ते दर श्रावणी सोमवारी वाळलेल्या भोपळ्यांच्या सांगडीवर बसून पाण्यात जायचे. तोरण्याचं टोक आणि आमच्या दारचं सावरीचं झाड एका रेषेत आलं की बरोबर खाली देऊळ; तिथं थांबायचे आणि पाण्यावर बेल सोडायचे. पानं बुडायची नाहीत. तरंगत तरंगत भलतीकडंच जायची.

"आजा, ही त्याला मिळनार कशी?"

"त्ये त्याचं त्यो बघंल. माझं काम व्हायाचं."

पण एकदा, पत्रावळ्या टोचता टोचता, कुणी न विचारताच ते म्हणाले होते, "एक सोमवार. मरायच्या आदी एक सरावनी सोमवार माझ्या हातानं व्हावा. मग खुशाल न्यावं." आई आतून म्हणाली, "मामंजी, भरल्या घरात असलं बोलू नगा." चोयांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आणि मग दुष्काळाचं ते साल आलं. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. राबावर टाकलेली भाताची रोपं वीतभर वाढून पिवळी पडली. आषाढ कोरडा गेला. आमच्याकडं आषाढात डोंगर दिसत नाही इतका पाऊस; त्या वर्षी डोंगरावरचा दगड न् दगड मोजून घ्यावा असा दिसत होता. फुगवटा चढायच्या ऐवजी आणखी खाली गेला. बायका नदीच्या जुन्या पात्रातल्या डोहावर पाण्याला जायला लागल्या. वाटेतला फुफाटा पायाला चटके द्यायचा.

देऊळ मात्र उघडंच राहिलं. श्रावण आला तरी.

गावातल्या सगळ्यांची तोंडं उतरलेली, आणि आजांच्या चालण्यात काहीतरी नवंच शिरलेलं. ते लपवायचा त्यांचा कोण आटापिटा! एके दिवशी आईनं हळूच विचारलं, "मामंजी, पाऊस न्हाई आन तुमी गुनगुनताय?" आजा चपापले. त्या दिवशी दुष्काळी कामावर खडी फोडायला ते सगळ्यांच्या आधी गेले आणि सगळ्यांच्या नंतर आले. आल्यावर जेवले नाहीत.

पहिल्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी गावचे पाटील आले. आजा ओट्यावर टोचत बसले होते. पाटलांनी पायरीवरच बूड टेकलं.

"बुवा, खालचा देव कोंडायचं ठरतंय."

देव कोंडणं म्हणजे पाऊस पडेना की गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडवायची. देवाचा जीव घाबरा झाला की तो पाऊस पाडतो, असा आमच्याकडचा जुना समज.

"वरचा कोंडला की आखाडात," आजा म्हणाले.

"त्यानं न्हाई ऐकलं. त्यो नवा. ह्यो जुना, जागृत."

"पाटील, ह्यो सालभर पान्यातच असतोय. माशाला पान्याचं भ्या घालून काय हुनार?"

मला फस्सकन हसू आलं. पाटलांनाही आलं असावं, पण त्यांनी मिशीत दाबलं. "म्हनूनच म्हनतो. पानी त्याला ठावं हाय. आनला तर त्योच आनील."

आजांच्या हातातली चोय थांबली. बराच वेळ ते पळसाच्या पानावरनं बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या सोमवार हाय. तेवढी सकाळ मला द्या."

"सकाळ तुमची, दुपार गावाची," पाटील म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी आजांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी का ठेवला, हे मला तेव्हा कळलं नाही.

सकाळी आम्ही दोघंच खाली उतरलो. आजांनी आदल्या दिवशी धुतलेलं पांढरं मुंडासं बांधलं होतं. नेमाप्रमाणं ज्येष्ठातच वर आणलेली घंटा मीच खांद्यावर घेतली होती आणि ती वाटभर आपली आपण वाजत होती. गाभाऱ्यात समईच्या उजेडात पिंड काळीभोर चमकत होती. आजांनी डोहाचं तांब्याभर पाणी आणलं होतं, त्यातलं निम्मंच वापरलं, निम्मं नंतर आईच्या स्वयंपाकाला न्यायचं म्हणून बाजूला ठेवलं. मला म्हणाले, "घंटा वाजीव. मागं हुबी ऱ्हा, म्या ऱ्हायलो होतो तशी." मी घंटा बडवली. मग तीर्थ धरायला पळत मागं गेले, तर मोरीतून करंगळीएवढी धार येत होती. वाटी भरायच्या आत ती थांबली. वाटीबाहेर सांडलेलं खालच्या भेगांनी पिऊन टाकलं.

परत आले तर आजा पिंडीवर बेल वाहत होते. एकेक पान. पान ठेवायचे आणि हात तसाच वर ठेवायचे, जणू ते पान तिथून हलत नाही ना हे बघत होते. ते हललं नाही. आजा रडत होते. मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहत होते आणि मला भीती नाही वाटली, नवल वाटलं. माणूस आनंदानंही रडतो, हे तोवर माहीतच नव्हतं.

दुपारी गाव आलं. डोहापासून देवळापर्यंत बायकांची रांग लागली. घागरी, हंडे, कळश्या एका हातातून दुसऱ्या हातात, आणि शेवटची बाई गाभाऱ्यात ओतणार. आमच्या शेजारची हौसाकाकू पायरीवर होती, तीच ओतत होती. पुरुष मंडपात हरहर करत होते. आजा नंदीजवळ उभे.

पाणी ओतलं जात होतं आणि जात होतं. गाभाऱ्याची फरशी भिजायची, चमकायची, पण पाणी काही साठेना. पुन्हा घागरी आल्या. पुन्हा तेच.

"पाताळात चाललंय पानी," कुणीतरी म्हणालं.

"दगूड तहानल्यात," दुसरं म्हणालं.

मला ठाऊक होतं पाणी कुठं जातंय ते. जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. मी आजांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी मान वळवून नंदीकडं पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. का, कुणास ठाऊक. बहुतेक मला बघायचं होतं, आजा काय करतात ते.

आणखी घागरी आल्या. पाटील थकून म्हणाले, "देवालाच नको असंल, बुवा. ऱ्हाऊ द्या." झालं, सुटका झाली होती. आजांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. श्रावणातले बाकीचे सोमवार त्यांचे होते. पिंड कोरडी, बेल तिच्यावर जागच्या जागी. मागची मोरी कुणी बघायला जाणार नव्हतं.

हौसाकाकूनं तिच्या स्वतःच्या घरची कळशी ओतली. ओतून झाल्यावर ती तिनं पुन्हा उपडी करून झटकली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग पिंडीकडं बघून हळूच म्हणाली, अगदी लेकराला म्हणावं तसं, "घरात प्यायला न्हाई, तरी तुला न्हाऊ घातलं. धर की रं जरासं."

आजांनी मुंडासं सोडलं.

हात लांबवून, एकेक वेढा काढत. लोकांना वाटलं उकडलं म्हणून सोडतायत. ते चार पायऱ्या उतरले, पिंडीच्या मागं कोपऱ्यात गेले, गुडघ्यावर बसले आणि ते पांढरं धुतलेलं मुंडासं बोटांनी कोंबत कोंबत मोरीत घातलं. सगळं. मी पायरीवरच होते, म्हणून मला ऐकू आलं. पिंडीवर हात ठेवून ते म्हणाले,

"बुड बाबा. तुला सवं हाय."

वर आले आणि रांगेत उभे राहिले. हौसाकाकूच्या हातातली घागर त्यांनी घेतली. पाणी साठायला लागलं. आधी घोट्याएवढं, मग पिंडीच्या कडेला लागलं, मग वर चढलं. सकाळचा बेल पिंडीवरनं सुटला आणि एकेक पान वर आलं, आणि गोल गोल फिरायला लागलं. आजा ती पानं बघत होते. सांगडीवरून बघायचे तसेच.

पाऊस लगेच आला असं सांगितलं असतं तर गोष्ट झकास झाली असती. तसं झालं नाही. तो बऱ्याच दिवसांनी आला, आणि आला तोही हात राखूनच. भात गेलंच. नाचणी कशीबशी आली. पण फुगवटा चढला आणि भाद्रपदात देऊळ पाण्याखाली गेलं. तोवर आजा रोज उन्हात बोडक्या डोक्यानं खडी फोडत होते. आईनं पंचा पुढं केला की म्हणायचे, "माझं हाय की खाली." रागानं नव्हे. कुणाकडं ठेवायला दिलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं. उरलेल्या सोमवारांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मलाही विचारायचा धीर झाला नाही, आणि मी काही गप्प बसणारी पोर नव्हते.

माघात आजा गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. घंटा गोठ्यातच होती. त्या तिन्हीसांजेला ती कुणी वाजवली नाही तर बैलांनी वैरणीला तोंड लावलं नाही. हे मी मागाहून रचलेलं नाही, आईही सांगायची.

पुढच्या वैशाखात पाणी उतरलं. मी वडिलांबरोबर खाली गेले. बाहेर सगळीकडं भेगाळलेला गाळ, चुरचुरीत वाळलेला, आणि गाभाऱ्यात बघतो तर पाणी! काठोकाठ, काळं, स्वच्छ; त्या साली पूरच नव्हता, म्हणून आत गाळही नाही. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत आणि देव आपला एकटाच बुडून बसलेला. वडील म्हणाले, "उपसावं लागनार." मी म्हणाले, "थांबा." आणि मागं पळाले.

हात वर्षभरात वाढला होता. कोपर सोलपटलं. मी कुशीवर पडून खांदा भिंतीला लावला आणि बोटांना ते लागलं, मऊ, फुगलेलं, घट्ट. ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. मग ते एकदम सुटलं आणि त्याच्यामागून सगळं पाणी माझ्या अंगावर आलं, तोंडात, केसांत, गार, गाळाच्या वासाचं. हातात काळंकुट्ट मुंडासं. मी सवयीनं पुन्हा हात आत घातला आणि बोटं हलवली. पलीकडं कुणी धरली नाहीत.

तेव्हा मला समजलं की आजा नाहीत. माघात माणसांनी सांगितलं होतं, पण समजलं तेव्हा.

आत आले तर पिंड मोकळी झाली होती. तिच्या पायाशी खेकडा बसला होता. आपली पाळी संपली आणि घ्यायला कुणी आलं नाही, असा. मी त्याला घमेल्यात घालून पाण्यापर्यंत पोचवून आले.

परवा मोरी सापडली मला. खराट्याच्या काडीनं गाळ उकरला तेव्हा तोंड दिसलं. हात मनगटापर्यंतच गेला. पुतण्या शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं मोबाईलचा उजेड आत टाकला. दोन डोळे चमकले आणि मागं सरकले.

"आत्या, काहीतरी आहे आत!"

"पुजारी आहेत," मी म्हणाले. "चल, पायऱ्या उतरायला हात दे."

गाभाऱ्यातला गाळ गावातल्यांनी आधीच काढला होता; आत गार होतं. पिशवीतून मंडईतला बेल काढला, तीन पानांचा, जरा सुकलेला. पिंडीवर वाहिला आणि हात तसाच वर ठेवून बघितलं. पान हललं नाही. पुतण्या म्हणाला, "आत्या, महिन्याभरात इथं पाणी येईल. हे वाहूनच जाणार ना?"

"ते त्याचं तो बघेल," मी म्हणाले, आणि दुसरं पान उचललं.